'री' ओढणाऱ्यांची गोष्ट



स्मरणिकेचे काम सुरू झाले की आपल्या समितीचे कार्यकर्ते माझ्याकडे येतात आणि "काका, इतिहासावर काहीतरी लिहा" असे सांगून जातात. आजवर मी कधी भोसल्यांवर लिहिले, कधी टिळकांवर. यंदा मात्र एका साध्या वाक्प्रचाराचा इतिहास सांगणार आहे. 'एखाद्याची री ओढणे' हा तो वाक्प्रचार. आपण सर्वांनी तो कधी ना कधी दुसऱ्याला उद्देशून वापरलेला असतो. स्वतःला उद्देशून तो वापरायची वेळ माझ्यावर गेल्या वर्षी आली, म्हणून हा लेख.

झाले असे. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी संध्याकाळची आरती सुरू होती. मंडपात साठ-सत्तर माणसे होती. नेहमीप्रमाणे भोंग्यावर आरतीची ध्वनिफीत लागली होती आणि आपण सारे टाळ्या वाजवत तिच्या मागून म्हणत होतो. पहिले कडवे झाले, पालुपद झाले, दुसरे कडवे सुरू झाले आणि लाइट गेली. भोंगा बंद! दोन क्षण टाळ्या चालू राहिल्या. मग त्याही विरल्या. समईच्या उजेडात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. कोणीतरी हुशारीने पालुपद उचलले, आणि काय सांगू, मंडप दणाणून गेला! पण पालुपद संपले आणि पुन्हा तीच शांतता. पुढचे शब्द कोणालाच येईनात. शेवटी पालुपदच तीन वेळा म्हणून कापूर ओवाळला.

माझ्या शेजारी आठ-नऊ वर्षांची एक चिमुरडी उभी होती. तिने माझा सदरा ओढून विचारले, "आजोबा, तुम्हाला पण नाही येत?"

तीस वर्षे मी या मंडपात पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभा राहतो. मला उत्तर सुचले नाही.

घरी येऊन आडवा झालो, पण झोप लागेना. डोक्यात एकच शब्द घोळत होता, 'री'. मग दुसऱ्या दिवसापासून त्याचाच पाठपुरावा केला. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

'री' हा शब्द आला गाण्यातून. शाहीर पोवाडा म्हणतो किंवा तमाशाचा फड उभा राहतो, तेव्हा मुख्य गाणारा एकटा नसतो. त्याच्या मागे डफ, तुणतुणे, मंजिरीवाले साथीदार असतात. त्यांना झीलकरी म्हणतात, तमाशात सुरत्याही म्हणतात. शाहिराने ओळ संपवली की शेवटचा सूर हे साथीदार उचलतात आणि उंच आवाजात लांबवतात. पोवाड्यातले 'जी जी' आपण सर्वांनी ऐकलेले आहे. असा मागून धरलेला, लांबवलेला सूर म्हणजे 'री', आणि तो लांबवणे म्हणजे 'री ओढणे'. वारकरी कीर्तनातही बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात आणि बुवांनी म्हटलेले चरण ते झेलून घेतात. तिथेही काम तेच.

हे काम कमी प्रतीचे आहे असे कोणी समजू नये. शाहीर तासन् तास उभा राहून गातो, तो श्वास कधी घेतो? झीलकरी सूर धरून ठेवतात तेव्हा! तेवढ्या वेळात तो दम घेतो, पुढची ओळ आठवतो, श्रोत्यांचा अंदाज घेतो. शिवाय झीलकऱ्याला सारे कवन माहीत असावे लागते. सूर कुठे उचलायचा, किती ताणायचा, कोणत्या मात्रेवर सोडायचा, हे चुकले तर शाहिराचा पोवाडा कोसळलाच म्हणून समजा. थोडक्यात, री ओढणारा हा जाणकार माणूस होता.

मग या शब्दाला हिणकस अर्थ कसा चिकटला? मला वाटते, रंगमंचावरून शब्द चावडीवर आला तेव्हा. गावच्या बैठकीत पाटील काही बोलले की मागची चार माणसे "हो, हो, बरोबर" म्हणत. लोकांना ते दृश्य झीलकऱ्यांसारखे दिसले असणार. फरक एवढाच, की या चौघांना कवन माहीत नसे, माहीत असे ते फक्त कोणाच्या मागे उभे राहायचे ते! अशा माणसासाठी मराठीत 'होयबा' हा फार नेमका शब्द आहे. हिंदीत आपण 'हाँ में हाँ मिलाना' म्हणतो. पुढे हा अर्थ आणखी पसरला. एका माणसाच्या मागे जाणे तर आलेच, पण जमान्याच्या मागे, चालू वाऱ्याच्या मागे जाणे म्हणजेही री ओढणे झाले.

गंमत पाहा, लोकांच्या मागे जाण्याबद्दल बोलताना मराठीला वारंवार गाणे-बजावणेच आठवते. 'सुरात सूर मिसळणे' घ्या, 'भजनी लागणे' घ्या, 'नादी लागणे' घ्या. नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे छंदही! आवाज जिकडून येतो तिकडे पाय वळतात, हे आपल्या पूर्वजांनी चांगलेच ओळखले होते.

आणि हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्रजीत चालू लाटेवर स्वार होण्याला 'बँडवॅगनवर चढणे' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सर्कस गावात आली की तिची मिरवणूक निघे आणि त्यात बँडवाल्यांची सजवलेली मोठी गाडी असे. तीच बँडवॅगन. प्रसिद्ध सर्कसवाले बार्नम यांच्या १८५५ सालच्या आत्मचरित्रात हा शब्द आढळतो. पुढे निवडणुकीच्या प्रचारातही अशा वाजंत्रीच्या गाड्या फिरू लागल्या. ज्याची हवा जास्त त्याच्या गाडीवर चढून मिरवायला लोक धावत, आणि त्यावरून राजकारणात हा वाक्प्रचार रूढ झाला. म्हणजे तिकडे बँड, इकडे डफ! माणूस सगळीकडे सारखाच.

संस्कृतात यासाठी 'गतानुगतिक' असा शब्द आहे, जो मराठीनेही घेतला. गेलेल्याच्या मागून जाणारा तो गतानुगतिक. त्याबरोबर एक गोष्ट सांगतात. एक ब्राह्मण गंगेवर स्नानाला गेला. जवळ तांब्याचे भांडे होते. चोरी नको म्हणून त्याने ते वाळूत पुरले आणि खूण म्हणून वर वाळूचे शिवलिंग केले. मागून आलेल्या यात्रेकरूंना वाटले, इथे स्नानाआधी वाळूचे लिंग करायची रीत दिसते. एकाने केले, दुसऱ्याने केले, बघता बघता सारा किनारा लिंगांनी भरला. ब्राह्मण बाहेर आला तर त्याचे भांडे कोणत्या लिंगाखाली आहे हे त्यालाच कळेना! ही गोष्ट लहानपणी ऐकताना मी यात्रेकरूंना हसत असे. आता वाटते, त्यांची भक्ती खोटी नव्हती. त्यांनी एवढेच केले नाही की 'हे कशासाठी?' असे विचारले नाही. आणि नुकसान झाले ते ज्याने सुरुवात केली त्याचे.

आता थोडे आपल्या मुलखाकडे वळू. आपण मराठी माणसे इथे नवखी नाही. भोसल्यांच्या काळात बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. दसऱ्याला सोन्याची पाने वाटण्याची इथली प्रथा त्यांच्यापासूनची, असे इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत सांगितले जाते. म्हणजे कधी काळी आपल्या सुराची री इथल्या लोकांनी प्रेमाने ओढली. पुढे १९५६ पर्यंत रायपूर-दुर्गचा कारभार नागपूरहून चाले, त्यामुळे कारकून, मास्तर, वकील, रेल्वेवाले अशी मराठी घरे गावोगाव होती. नंतर भिलाईचा पोलाद कारखाना आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टीला चुनखडी लागते, ती नंदिनीच्या खाणीतून निघू लागली, आणि आपल्यापैकी अनेकांचे वडील ट्रंक आणि वळकटी घेऊन या बाजूला उतरले. येताना त्यांनी गणपती आणला.

हा सार्वजनिक गणपतीही एका सुरातूनच वाढला. टिळकांनी १८९३ पासून या उत्सवाला 'केसरी'तून बळ दिले. त्याच वर्षी मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. पाठोपाठ गावोगाव लाट पसरली. त्या काळच्या उत्सवाचा प्राण होता मेळे. मुलांची पथके एका पोशाखात, लेझीम घेऊन, म्होरक्याच्या मागून पदे म्हणत फिरत. ही सुद्धा री ओढणेच होते, पण पदे पाठ करून, अर्थ समजून! म्हणूनच सरकारला त्या पदांची भीती वाटली आणि पुढे मेळ्यांवर निर्बंध आले. नुसत्या पालुपदाला कोण घाबरतो?

याच काळात आपल्या छत्तीसगडात एक मराठी माणूस टिळकांची री ओढत होता. माधवराव सप्रे. जन्म १८७१चा. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. १९०७ साली नागपूरहून 'हिंदी केसरी' सुरू केला. नावावरूनच कळते की हा टिळकांच्या 'केसरी'चा पडसाद होता. १९०८ साली त्यांना अटक झाली, आणि घरच्यांच्या दबावाखाली त्यांनी माफी लिहून दिली. त्या माफीचा सल त्यांना फार लागला. काही काळ ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले आणि रामदासी मठात राहिले. पण नंतर त्यांनी जे केले ते पाहा. समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत आणला आणि टिळकांचे 'गीतारहस्य'ही हिंदीत आणले. १९२६ साली रायपूरला ते वारले. आता सांगा, सप्रे 'होयबा' होते का? दुसऱ्याचा ग्रंथ दुसऱ्या भाषेत न्यायचा तर त्यातला शब्दन् शब्द आधी स्वतः पचवावा लागतो. ही झीलकऱ्याची री. कवन माहीत असलेल्याची.

दुसरे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. पंडवानी आपण सर्वांनी ऐकली आहे. मुख्य गायक तंबुरा घेऊन महाभारताची कथा सांगतो आणि त्याच्या बाजूला 'रागी' असतो. गायकाच्या प्रत्येक वाक्याला तो 'हव' म्हणून हुंकार देतो, मधेच प्रश्न विचारतो, कधी चेष्टा करतो, गाण्यात साथ देतो. वरवर पाहिले तर नुसता होकार! पण रागी चांगला नसेल तर पंडवानी रंगत नाही, हे कोणत्याही छत्तीसगढी शेजाऱ्याला विचारा. रागीला कथा ठाऊक असते, म्हणून त्याच्या 'हव'ला वजन असते.

आणि भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई! पारधी समाजात जन्म, शिक्षण नाही. आजोबा बृजलाल पारधी यांच्याकडून ऐकून ऐकून पंडवानी शिकल्या. तोवर बायकांनी गायचे ते बसून, वेदमती शैलीत. उभे राहून अभिनयासह गायची कापालिक शैली पुरुषांची. तीजनबाई उभ्या राहून गायल्या. समाजाने त्यांना बाहेर काढले, तरी त्या थांबल्या नाहीत. पुढे भिलाईच्या कारखान्यात नोकरी, जगभर कार्यक्रम, २००३ साली पद्मभूषण, २०१९ साली पद्मविभूषण. कथा जुनीच, आजोबांचीच. मोडली ती फक्त 'सगळे असेच करतात' ही चाल. जिला कवन पूर्ण येते, तीच चाल मोडू शकते, हे मला त्यांच्या उदाहरणावरून पटले.

शास्त्रज्ञांनीही या मागे-मागे जाण्याच्या सवयीचा अभ्यास केला आहे. १९५१च्या सुमारास अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश यांनी एक साधा प्रयोग केला. काही माणसांना एकत्र बसवून कागदावरच्या रेघा दाखवायच्या आणि कोणती रेघ नमुन्याइतकी लांब आहे ते विचारायचे. एक सोडून बाकी सारे आधीच सांगून ठेवलेले, ते मुद्दाम चुकीचे उत्तर देत. बिचाऱ्या त्या एकट्याला डोळ्यांनी खरे दिसत असे, तरी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी गटाबरोबर चुकीचे उत्तर दिले. पण त्यातच एक आशेची गोष्टही निघाली. गटातला एखादा जरी खरे बोलला, तर त्या एकट्याला धीर येई आणि चुकीची उत्तरे एकदम कमी होत. एक माणूस पुरतो!

आपल्याकडेही असा एक माणूस होता, आणि आता मला माझी कबुली द्यायची आहे.

आपल्यापैकी जुन्यांना आठवत असेल, पूर्वी मंडपात आरती आमच्या ओळीतल्या काकू सांगत. काकू मूळच्या यवतमाळकडच्या, आवाज खणखणीत, सगळ्या आरत्या, मंत्रपुष्पांजली, सारे तोंडपाठ. त्या एक ओळ म्हणत, आपण मागून उचलत असू. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आजूबाजूच्या मंडपांत ध्वनिफितीवर आरती लावायची टूम निघाली. आवाज मोठा, ताल पक्का, कोणाला तसदी नाही. समितीच्या बैठकीत विषय आला. काकू एकट्याच म्हणाल्या, "यंत्र म्हणंल तर पोरं काय म्हणतीन?" बाकी सारे गप्प. मग कोणीतरी म्हणाले, सगळीकडे हेच चालते, आपणच मागे का राहायचे? सूचना मांडली गेली. वही काढून पाहिली, तिथे स्वच्छ अक्षरात लिहिले आहे, सूचक अमुक, आणि अनुमोदक म्हणून माझे नाव!

अनुमोदन म्हणजे दुसरे काय हो? बैठकीतली री! मला तेव्हाही मनातून काकूंचे म्हणणे पटले होते. पण एकट्या बाईच्या बाजूने बोलून उगाच वाईटपणा कशाला, असा विचार केला. त्या दिवसापासून काकू आरतीला येत, पण मागे खुर्चीवर बसत. गेल्या वर्षी लाइट गेली तेव्हा त्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे नागपूरला होत्या. म्हणजे पंधरा वर्षे आपण कवनच सोडून दिले आणि नुसती री धरून ठेवली. झीलकऱ्याला निदान शाहिराचे शब्द येत. आपण त्यांच्याही खाली उतरलो.

दिवाळीनंतर काकू परत आल्याचे कळले. मी वही-पेन घेऊन गेलो आणि त्यांना सारे सांगितले. बैठकीचे सुद्धा सांगितले, माफी मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, री ओढाले कोण नाही म्हणते? सगळेच पुढं झाले तर मागं कोण उभं राहीन? पण गाणं कोनतं चालू आहे हे त ठावं पाहिजे ना!" मग त्यांनी मला चहा दिला आणि पहिल्या आरतीच्या दुसऱ्या कडव्यापासून सुरुवात केली. पहिले कडवे मला येते, असे मी सांगितले होते. त्यातही त्यांनी दोन चुका काढल्या!

गेल्या डिसेंबरपासून दर रविवारी संध्याकाळी काकूंच्या ओसरीवर आपली सात मुले बसतात. मी धरून आठ. त्यात दोन मुले शेजारच्या साहू आणि वर्मा कुटुंबांतली आहेत, आणि खरे सांगायचे तर उच्चार त्यांचेच सगळ्यांत स्वच्छ आहेत. काकू शब्द सांगतात, अर्थ सांगतात, अर्थ हिंदीत विचारला तर हिंदीत सांगतात. त्या चिमुरडीचेही दोन आरत्यांचे पाठांतर झाले आहे. परवा तिने मला मधेच थांबवून शब्द सांगितला.

समितीच्या यंदाच्या बैठकीत मी सूचना मांडली की या वर्षी पहिल्या दिवसापासून आरती भोंग्याविना, आपल्या तोंडाने व्हावी आणि मुलांनी ती सांगावी. या वेळी मी सूचक होतो. एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "काका, आवाज कमी पडला तर? बाजूच्या मंडपाचा भोंगा केवढा आहे!" पडेल, पहिले एक-दोन दिवस नक्की पडेल. मुलांचा आवाज बारीक आहे आणि आपल्या मोठ्यांची जीभ जड झालेली आहे. अनुमोदन मिळायला जरा वेळ लागला, पण मिळाले.

तेव्हा वाचकहो, एवढीच विनंती. स्मरणिकेच्या मागच्या पानांवर सर्व आरत्या छापलेल्या असतातच, जाहिराती पाहून झाल्या की ती पाने उघडा. संध्याकाळी बरोबर साडेसातला मंडपात या. मुले पुढे उभी असतील, काकूंची खुर्ची या वेळी त्यांच्या शेजारी असेल. मुले ओळ सांगतील, आपण मागून उचलायची. री ओढायचीच आहे, पण शब्दांसकट ओढू या.

गणपती बाप्पा मोरया!